धर्मवेड्याचं राज्य कादंबरीत उभं करताना

धर्माच्या नावाने शस्त्र उचलायचं, एखादं शहर किंवा प्रांत मूळ राज्यापासून तोडायचा आणि तिथे देवाचं राज्य आल्याची द्वाही फिरवायची, असा नेता थरारकादंबरीला आयताच मिळतो. संकट मोठं, वेळ थोडा आणि दोन्ही बाजूंना बंदुका. त्यामुळे अशी कादंबरी लिहायला घेणारे बरेच जण सगळी ताकद त्या नेत्यावरच खर्च करतात: त्याचे डोळे, त्याचा आवाज, त्याची चार-चार पानी भाषणं, त्याचं क्रौर्य. शंभर पानांनंतर वाचकाला त्याची भीती वाटेनाशी होते, कारण वेडा माणूस वेड्यासारखाच वागणार हे त्याने दुसऱ्या प्रकरणातच ओळखलेलं असतं. अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नेत्याचं वेड दोन पावलं मागे ठेवा आणि त्याचा कारभार पुढे आणा. धान्य कोण मोजतं, वेशीवर पहारा कोणाचा, नावांची यादी कोणाच्या हातात असते, भविष्यवाणी चुकली की दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना काय सांगितलं जातं, या प्रश्नांची उत्तरं लेखकाकडे तयार असतील तर त्याच्या पानापानाला धाक येतो.

हे नुसतं मत म्हणून सांगून भागणार नाही. म्हणून एक खरं उदाहरण नीट पाहू. जर्मनीतल्या वेस्टफालिया भागातलं म्युन्स्टर हे शहर १५३४ साली आपल्या राज्यकर्त्या बिशपपासून सशस्त्र फुटून निघालं आणि जवळजवळ सोळा महिने वेढ्यात तगून राहिलं. तिथला बिशप फ्रान्झ फॉन वाल्डेक हा धर्मगुरूही होता आणि प्रदेशाचा शासकही. फुटून निघालेले लोक पुनर्बाप्तिस्मावादी होते: तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा निरर्थक, जाणत्या माणसाने समजून घेतलेला तोच खरा, असं मानणारे. हार्लेमचा पाववाला यान माथाइस हा त्यांचा पहिला प्रेषित आणि लायडनचा शिंपी यान बोकेल्सन, म्हणजे यान व्हान लायडन, हा दुसरा. हा दुसरा यान राजा झाला तेव्हा पंचविशीत होता. शिंपी राजा होतो एवढ्यावरच कादंबरी बेतावी असा मोह कोणालाही होईल. पण म्युन्स्टरची खरी गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि तुमच्या कादंबरीचीही तशीच व्हायला हवी.

प्रेषित गावात येण्यापूर्वी गाव धुमसत होतं. मठांना कर माफ होता आणि मठांतले माग चालत होते. कर भरून पोट भरणाऱ्या विणकरांना ती स्पर्धा झेपत नव्हती. १५२५ मध्येच याच कारणावरून तिथे दंगा झाला होता. पुढे बर्नहार्ड रोटमान नावाच्या उपदेशकाने धर्मसुधारणेचा प्रचार सुरू केला, व्यापारी आणि कारागिरांचे संघ त्याच्या मागे उभे राहिले आणि १५३३ च्या फेब्रुवारीत बिशपला तह करून शहरातली परगणा चर्च ल्यूथरपंथीयांना द्यावी लागली. वर्षभराने, २३ फेब्रुवारी १५३४ रोजी, नगरपालिकेची निवडणूक झाली आणि पुनर्बाप्तिस्मावादी रीतसर बहुमताने निवडून आले. कापडाचा धनाढ्य व्यापारी बर्नहार्ड क्निपरडोलिंग नगराध्यक्ष झाला. सत्ता अशी कायद्याने हातात आली. चारच दिवसांनी, २७ तारखेला, नव्याने बाप्तिस्मा घ्यायला नकार देणाऱ्यांना कडाक्याच्या थंडीत वेशीबाहेर हाकलण्यात आलं. निवडणूक आणि हकालपट्टी यांमधले ते चार दिवस हे कादंबरीचं सोनं आहे. त्या चार दिवसांत कोणी काय पाहिलं, कोण गप्प बसलं, कोणी शेजाऱ्याच्या घराकडे नजर लावली, हे लिहा. तुमच्या नेत्याला एक खरी तक्रार द्या, जी ऐकून वाचकालाही वाटेल की याचं म्हणणं चूक नाही. अन्याय खरा असला की माणसं त्याच्या मागे का गेली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, आणि तेच लोक पुढे काय करतात ते वाचताना वाचकाला स्वतःचीही धास्ती वाटते.

अशा राज्यात घड्याळ असतं ते भविष्यवाणीचं. थरारकादंबरीत मुदत लागतेच. पण ती बाहेरून लादलेल्या बॉम्बच्या घड्याळाची असली की कृत्रिम वाटते. धर्मवेड्या नेत्याने स्वतःच मुदत दिलेली असते. माथाइसने १५३४ च्या ईस्टरला जगाचा शेवट होईल असं सांगितलं होतं. ईस्टर उजाडला, जग जागच्या जागी होतं, आणि तो मूठभर माणसं घेऊन वेढा घालणाऱ्या फौजेवर चालून गेला व मारला गेला. इथे बहुतेक कथानकं संपतील. म्युन्स्टरमध्ये मात्र दुसरा यान उभा राहिला आणि ही चळवळ त्याने पुढे सव्वा वर्ष चालवली. पुढच्या वर्षी त्यानेही ईस्टरपर्यंत सुटका होईल असं वचन दिलं, आणि ती झाली नाही तेव्हा सुटका आत्म्याची अभिप्रेत होती असा खुलासा केला. लेखकाने जीव ओतून लिहावी ती ही खुलाशाची सकाळ. भाकीत चुकल्यावर निष्ठा लगेच गळून पडते असं नाही. ज्यांनी घर, नातं, पैसा सगळं पणाला लावलेलं असतं त्यांना भाकीत चुकल्याचं मान्य करणं सर्वांत महाग पडतं. म्हणून आपल्या कादंबरीत दोन तारखा तरी ठेवा. पहिली चुकते तेव्हा वाचकाला वाटावं की आता हे सगळं कोसळणार. ते कोसळत नाही, आणि दुसरी तारीख जवळ येऊ लागते तेव्हा श्वास खरा अडकतो.

आता कारभाराकडे येऊ. म्युन्स्टरमध्ये पैसा बंद झाला, सोनंनाणं जमा झालं, कर्जाच्या वह्या जाळल्या गेल्या, बायबल सोडून बाकी पुस्तकांची होळी झाली. घरांची दारं उघडी ठेवण्याचा हुकूम निघाला. धान्य सामाईक झालं आणि ते वाटायला माणसं नेमली गेली. ती माणसं घरोघरी जाऊन कोणाकडे किती साठा आहे हे नोंदवत, आणि दडवलेलं सापडलं की शिक्षा. एक क्षण या शिधा वाटणाऱ्याच्या जागी उभे राहा. सुरुवातीला तो मनापासून मानतो की आता गावात कोणी उपाशी झोपणार नाही. हिवाळा संपता संपता तो कोठाराच्या तळाला हात लावतो आणि उरलेल्या पोत्यांचा आकडा त्याला एकट्याला ठाऊक असतो. हा आकडा राजाला सांगायचा की नाही? राजाला सांगितला तर अविश्वासाचा गुन्हा, न सांगितला तर उपासमारीचा. अशा माणसाच्या मनातली घालमेल नेत्याच्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त ताण निर्माण करते. त्याची भाषा साधी ठेवा, कारण कोठार सांभाळणारी माणसं सुभाषितांत बोलत नाहीत.

दुसऱ्या फळीत कोण आहे हे न ठरवता पहिलं प्रकरण लिहू नये. चीनमधल्या तायपिंग बंडात हे फार स्पष्ट दिसतं. सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेला हाँग श्यू-च्युआन स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानू लागला, १८५१ मध्ये त्याने उठाव केला आणि १८५३ मध्ये नानजिंग घेऊन तिथे स्वर्गीय राजधानी थाटली. पण लष्कर आणि राज्य चालवत होता यांग श्यू-चिंग. यांगच्या अंगात साक्षात परमपिता येतो असं मानलं जाई. म्हणजे येशूचा भाऊ सिंहासनावर आणि खुद्द पित्याचा आवाज त्याच्या सेनापतीच्या तोंडी. १८५३ च्या अखेरीस त्या आवाजाने राजालाच फटके मारण्याची शिक्षा फर्मावली. राजाने मान झुकवली, आणि मग शिक्षा माफ झाली. पुढे १८५६ मध्ये यांग आणि त्याची हजारो माणसं राजधानीतच कापली गेली. दैवी अधिकार एकाकडेच कधी टिकत नाही. तो वाटला जातो, चोरला जातो, त्याच्यावर हक्क सांगितले जातात. तुमच्या कादंबरीतला सर्वांत धोकादायक माणूस नेता असेल की त्याच्या शेजारी बसून मान डोलावणारा, हे वाचकाला निम्म्या पुस्तकापर्यंत कळू नये.

बाहेरची बाजूही तितक्याच कसोशीने लिहावी लागते. सरकार म्हणजे शहाणपण आणि बंडखोर म्हणजे वेड अशी वाटणी केली की कथेतला जीव जातो. म्युन्स्टरच्या बिशपला भाडोत्री सैनिकांचा पगार कर्ज काढून द्यावा लागत होता. १५३४ च्या मे महिन्यात त्याचा पहिला मोठा हल्ला फसला, कारण दारू प्यायलेल्या एका तुकडीने ठरल्या वेळेआधीच चढाई केली. पगार थकलेले काही सैनिक फितूर होऊन गावाच्याच बाजूला गेले. ऑगस्टअखेरचा दुसरा हल्लाही परतवला गेला आणि त्या विजयाच्या धुंदीतच यानला राजा म्हणून घोषित करण्यात आलं. म्हणजे बाहेरच्यांच्या ढिसाळपणाने आतल्या वेडाला पुरावा पुरवला. ब्राझीलमधल्या कानुदोसचंही तेच. आंतोनियो कोन्सेलेइरो या भटक्या उपदेशकाने १८९३ मध्ये बाइया प्रांतातल्या रखरखीत प्रदेशात आपल्या अनुयायांची वस्ती वसवली. नव्या प्रजासत्ताकाचे कर त्याला मान्य नव्हते, पण लढाईची ठिणगी पडली ती चर्चसाठी आगाऊ पैसे देऊन घेतलेलं लाकूड पोचलं नाही यावरून. ते लाकूड घ्यायला हे लोक शहरावर चालून येणार अशी आवई उठली आणि १८९६ मध्ये फौज निघाली. एक तुकडी हरली, दुसरी हरली, तिसरीचा नामांकित कर्नल मारला गेला. चौथ्या मोहिमेने १८९७ च्या ऑक्टोबरात वस्ती जमीनदोस्त केली, तेव्हा कोन्सेलेइरो दोन आठवडे आधीच वारलेला होता. लाकडाच्या एका ओंडक्यापासून हजारो प्रेतांपर्यंतचा हा रस्ता ज्याला पायरी पायरीने दाखवता येईल त्याला शस्त्रास्त्रांच्या याद्या द्याव्या लागणार नाहीत. त्या तशाही देऊ नयेत. स्फोटक कसं बनतं हे वाचकाला कळण्याची गरज नाही. ते कोणाच्या बैलगाडीतून आलं आणि गाडीवानाने काय विचारलं नाही, हे कळलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप वेगाचा येईल. कोठारं, वह्या, करार आणि पगार दाखवत बसलो तर थरार कुठे उरला? उत्तर फ्रेडरिक फोर्सिथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ या १९७१ च्या कादंबरीत आहे. तिच्यातला मारेकरी ज्यांच्या मागावर असतो त्या फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचा खून झाला नाही हे तिच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. आदल्याच वर्षी ते घरी वारले होते. तरी ती कादंबरी खाली ठेववत नाही, कारण मारेकरी खोटी कागदपत्रं कशी मिळवतो, बंदूक कशी बनवून घेतो, पोलिस हॉटेलांच्या नोंदी कशा चाळतात हे क्रमाक्रमाने उलगडत जातं. प्रक्रिया हाच तिथला थरार. म्युन्स्टरमध्ये असा प्रसंग हवा असेल तर हाइन्रिश ग्रेसचा घ्या. १५३४ च्या ऑक्टोबरात राजाने आसपासच्या गावांना उठवण्यासाठी सत्तावीस प्रेषित बाहेर पाठवले. जवळजवळ सगळे पकडले गेले आणि मारले गेले. ग्रेस मात्र परत आला आणि ईश्वरी कृपेने सुटलो असं सांगू लागला. खरं तर तो बिशपचा हेर होऊन आला होता. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, कारण ज्या राज्याचा पायाच चमत्कारावर आहे ते राज्य चमत्काराने सुटलेल्या माणसाची झडती घेऊ शकत नाही. बाहेरून मदत आणतो म्हणून तो पुन्हा निघाला आणि सगळ्या योजना बिशपच्या हाती पोचल्या. वाचकाला तो हेर आहे हे आधी सांगा आणि मग त्याला राजासमोर गुडघे टेकवा. वेग कमी पडणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नेत्याला खरी तक्रार दिली, त्याच्या माणसांची घालमेल दाखवली, तर आपण हिंसेची तरफदारी करतो असं होणार नाही का? हा धोका खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. त्यावर उपाय म्हणजे किंमत कोणी मोजली हे पुस्तकभर विसरू न देणं. १५३४ च्या जुलैत बहुपत्नीत्वाचा हुकूम निघाला, कारण गावात पुरुषांच्या मानाने बायका खूप जास्त होत्या आणि यानला त्यांच्यावर पुरुषांचा अंमल हवा होता. त्याच महिन्याच्या शेवटी मोलेनहेके नावाच्या लोहाराने काही लोकांना घेऊन यानला आणि क्निपरडोलिंगला काही तास कैद केलं. बंड मोडलं आणि सुमारे पन्नास जणांना मृत्युदंड झाला. उपासमार शिगेला पोचल्यावर बायका, मुलं, म्हातारे गावाबाहेर सोडले गेले. वेढा घालणाऱ्यांनीही त्यांना पुढे जाऊ दिलं नाही आणि तट व मोर्चे यांच्या मधल्या पट्ट्यात ती माणसं गवत खात मरत राहिली. १५३५ च्या जूनमध्ये राजाची एक बायको, एलिझाबेथ वांडशेरर, हिने गाव सोडायची परवानगी मागितली. राजाने भर बाजारात स्वतःच्या हाताने तिचा शिरच्छेद केला. हे सगळं नेत्याच्या नजरेतून लिहिलं तर त्याची जरब वाढते. तिच्या नजरेतून लिहा: परवानगी मागायची असं तिने कधी ठरवलं, कोणाला विचारलं, विचारल्यावर तो माणूस तिच्याकडे पाहायचं कसं टाळू लागला. नेत्याला तक्रार द्या, पण पुस्तकातली सर्वांत चांगली वाक्यं त्याला देऊ नका.

श्रद्धावान वाचक दुखावतील अशी भीतीही काहींना वाटते आणि ते धर्माचा विषयच गुळमुळीत करून टाकतात. मग नेता कशासाठी लढतो हेच कळत नाही. माझ्या मते उलट करावं. त्याच श्रद्धेतून त्याला विरोध करणारी माणसं ठळकपणे आणावीत. मोलेनहेके नास्तिक नव्हता. माथाइसला तोंडावर बोल लावल्याबद्दल ठार झालेला लोहार ह्युबर्ट रुशर हाही नव्हता. म्युन्स्टर पडल्यानंतर मेनो सिमन्स या डच धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडलं आणि त्याच पुनर्बाप्तिस्मावाद्यांमधल्या उरल्यासुरल्यांना शस्त्र वर्ज्य करणाऱ्या पंथात गोळा केलं. त्याच्या नावाचे मेनोनाइट लोक आजही शांततावादी म्हणून ओळखले जातात. एकाच बाप्तिस्म्यातून तलवारही निघाली आणि तलवार टाकणंही निघालं. हा वाद कादंबरीत पात्रांच्या तोंडी, जेवणाच्या पाटावर, पहाऱ्याच्या रात्री आला पाहिजे. धर्मग्रंथातल्या एकाच प्रसंगाचे दोन अर्थ दोन सख्ख्या भावांनी लावले तर प्रकरणभर पुरेल इतका संघर्ष मिळतो.

आपल्या देशातलाच प्रसंग का घेऊ नये, हाही प्रश्न रास्त आहे. जरूर घ्यावा, पण ज्या घटनेतले मुलगे, विधवा आणि साक्षीदार अजून हयात आहेत तिथे खरी नावं घेऊन कल्पित गुन्हे चिकटवण्याचा अधिकार लेखकाला नाही. काल्पनिक प्रांत उभा करायचा असेल तर आळस चालत नाही. पाऊस किती पडतो, मीठ कुठून येतं, रेल्वेचा पूल कोणत्या बाजूला, गिरणी कोणाच्या मालकीची, महसूल कोणत्या गावात जमा होतो, हे सगळं आधी वहीत नोंदवून घ्यावं. वेढ्यातल्या गावाला रसद लागते आणि ती रसद कादंबरीच्या नकाशावर खऱ्या रस्त्यानेच यायला हवी.

साधनं वाचताना साक्षीदाराचा स्वार्थ तपासा. म्युन्स्टरच्या आतून लिहिणारा मुख्य साक्षीदार हाइन्रिश ग्रेसबेक हा सुतार. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला होता, पहारे दिले होते. मे १५३५ मध्ये तो पळाला, पकडला गेला आणि तटबंदीतली कच्ची जागा त्याने बिशपच्या लोकांना दाखवली. २४ जूनच्या रात्री तो खंदक पोहून गेला आणि सैनिकांसाठी पूल लावला. काही शे सैनिक आत शिरले, त्यांच्या मागे वेस बंद झाली आणि पहाटेपर्यंत ते गावात अडकून लढत होते. आपण नाइलाजाने आत होतो असं दाखवण्याची गरज अशा माणसाला असणारच. दुसरा साक्षीदार हेर्मान केर्सेनब्रोक, जो तेव्हा शाळकरी वयात होता आणि पुढे त्याच गावात शाळेचा प्रमुख झाला. त्याने अनेक दशकांनी लॅटिनमध्ये इतिहास लिहिला आणि गावची बेअब्रू होते म्हणून नगरपालिका त्याच्यावर उलटली. एकाला स्वतःची मान सोडवायची होती, दुसऱ्याला पाखंड्यांचा धिक्कार करायचा होता. राजाच्या बाजूने लिहिणारे जवळजवळ सगळे मेले. रोटमानचं प्रेत तर सापडलंच नाही. यान, क्निपरडोलिंग आणि त्यांचा साथीदार क्रेश्टिंग यांना २२ जानेवारी १५३६ रोजी तापल्या सांडशीने हालहाल करून मारलं आणि प्रेतं लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लाम्बेर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते पिंजरे अजून तिथे आहेत. मनोऱ्यावर काय टांगायचं हे जिंकलेल्यांनी ठरवलं, तसंच कागदावर काय उरायचं हेही बऱ्याच अंशी त्यांनीच ठरवलं. हे लक्षात ठेवून वाचलं तर साधनांतल्या फटी दिसू लागतात, आणि कादंबरीकाराचं काम त्या फटींतच आहे.

म्हणून पहिलं प्रकरण लिहिण्याआधी थोडा गृहपाठ करावा. वेढ्याच्या पाचव्या महिन्यातला एक आठवडा शिधा वाटणाऱ्याच्या रोजकीर्दीच्या रूपात लिहून काढावा: जमा किती, खर्च किती, कोणाला जादा दिलं, कोणाचं नाव खोडलं. मग तोच आठवडा वेशीबाहेरच्या पगार थकलेल्या शिपायाने घरी लिहिलेल्या पत्रात लिहावा आणि तिसऱ्यांदा गाव सोडायचा विचार करणाऱ्या बाईच्या मनातून. ही पानं छापायची नाहीत. पण नेता तिसऱ्या प्रकरणात चौकात उभा राहून बोलू लागेल तेव्हा समोरच्या गर्दीतल्या तीन माणसांनी काय खाल्लंय, ती कशाला घाबरतात आणि त्याच्या कोणत्या शब्दाला ती मान वर करतात हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि त्याचं भाषण चार पानांवरून चार ओळींवर आणता येईल.